चार बोटांची लक्ष्मणरेषा

उभी काच चढणारं पाऊल बघायचं तर काचेच्या पलीकडून बघावं. झुरळाचं पोट आपल्याकडे, पाठ आतल्या अंधाराकडे आणि मधे काचेवर टेकलेले सहा तळवे. भिंग धरलं की पायाच्या टोकाला दोन बारीक नख्या दिसतात आणि त्यांच्या बेचक्यात एक ओलसर, जवळजवळ पारदर्शक गादी. पाय टेकताना ती पसरते आणि काचेला भिडते. उचलताना एका कडेनं सुटत येते आणि मिटते. हे इतक्या झटपट होतं की डोळ्यांना त्यातलं काहीच सापडत नाही. दिसतो तो फक्त एक राखी रंगाचा जीव, कशालाही न धरता वर वर जाणारा.

या गादीच्या मागे, पायाच्या पेरापेराखाली, आणखी छोट्या गाद्या असतात. त्या तिथे कशासाठी, याचा शोध केंब्रिज विद्यापीठातल्या क्रिस्टोफर क्लेमेंटे आणि वॉल्टर फेडर्ले यांनी घेतला, तोही नेमका याच जातीच्या झुरळावर. त्याचं शास्त्रीय नाव नॉफोएटा सिनेरिया. त्यांचं उत्तर २००८ साली प्रसिद्ध झालं. ओढायचं काम टोकाच्या गादीचं, रेटायचं काम पेरांखालच्या गाद्यांचं. भिंत चढताना पुढचे पाय ओढतात, मागचे रेटतात. एकाच पायात दोन स्वभाव, आणि कोणता कधी पुढे करायचा हे त्या पायाला न सांगता ठाऊक.

गाद्यांमधून जो द्रव पाझरतो तो याहून नवलाचा. तेलात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब मिसळलेले असावेत असं ते मिश्रण असतं. नुसतं तेल असतं तर पाय घसरला असता. मिश्रण असल्यामुळे ते ओघळत नाही, घट्ट धरून राहतं. त्यातलं पाणी शोषून घेणारा पृष्ठभाग पायाखाली आला की कीटक घसरू लागतात, हे फेडर्लेंच्याच गटानं २०१० साली दाखवलं. म्हणजे प्रत्येक पावलागणिक हा जीव आपल्या तळव्याखाली दोन न मिसळणारे द्रव मिसळून ठेवतो, आणि त्या नाममात्र ओलाव्यावर स्वतःचं सगळं वजन टाकून निर्धास्त उभा राहतो. माझ्या मनात या पायाविषयी जे आहे त्याला कुतूहल हा शब्द पुरत नाही. आदर म्हणते.

आणि अशा पायाच्या धन्याला मला डब्यात ठेवायचं असतं.

सिडनीच्या पश्चिमेला, जिथे रविवारी सकाळी दोन गल्ल्या सोडून पोह्यांच्या फोडणीचा वास येतो अशा उपनगरात, आमच्या गॅरेजमध्ये हे डबे आहेत. मुलाचा एक दाढीवाला सरडा आहे, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागातला. न्यू साउथ वेल्समध्ये असा देशी सरडा पाळायचा तर सरकारी परवाना लागतो. तो आहे. सरड्याला हिरवा पाला चालतो, पण लहानपणी त्याला जिवंत किडे हवे असतात, भरपूर हवे असतात आणि रोज हवे असतात. जगभरचे सरडे पाळणारे यासाठी दुबिया नावाचं दक्षिण अमेरिकेतलं झुरळ वापरतात. ते जाडजूड, संथ आणि गुळगुळीत प्लास्टिकवर एक पाऊलही न चढणारं. उघड्या टपात ठेवलं तरी बिचारं तळाशीच. पण ऑस्ट्रेलियात परक्या जिवांबाबत कडक शिस्त आहे आणि दुबियाला इथे बंदी आहे. दुकानात मिळतो तो हा चढणारा गडी, इथल्या बोलीत ‘वुडी’. ज्याला भिंत चढता येत नाही त्याला देशात मज्जाव आणि ज्याला येते तो डबीत भरून विकायला ठेवलेला. सरकारी तर्क असा की वुडी केव्हाचा इथे आहेच, नवा पाहुणा कशाला? तर्क बरोबर आहे. ताप मात्र पाळणाऱ्याला.

वुडीचं मूळ घर पूर्व आफ्रिका. तिथून जहाजांमधल्या धान्याबरोबर तो उष्ण प्रदेशांत सगळीकडे पोचला. लांबी जेमतेम इंचभर. पंख असतात पण उडता येत नाही. डोक्यावरच्या ढालीसारख्या कवचावर एक गडद नक्षी असते, ती काहींना शेवंडासारखी दिसली म्हणून इंग्रजीत त्याला शेवंडाचंच नाव पडलं. त्याला शास्त्रात पहिल्यांदा नोंदवलं ते फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ऑलिव्हिए यांनी, १७८९ साली. पॅरिसमध्ये बास्तिलचा तुरुंग पडला ते हेच वर्ष. कुठल्याही भिंतीला न जुमानणाऱ्या जिवाच्या नावापुढे हा सन लागावा, हा योगायोग मला फार आवडतो.

आई सांगलीहून आली तेव्हा तिला हे डबे दाखवायचे की नाही, यावर घरात खल झाला होता. दाखवले.

“काय गं हे! झुरळं? आणि विकत?”

“सरड्यासाठी, आई.”

“मग आमच्या मोरीतली नेली असतीस की फुकट!”

तिच्या बाजूनं बोलायचं तर आपल्याकडे झुरळ म्हणजे झटकायची गोष्ट. चप्पल, फवारा आणि ओट्याच्या कडेनं ओढलेली खडूची विषारी रेघ. त्या खडूला बाजारानं नाव दिलं तेही थेट रामायणातलं, लक्ष्मणरेषा. पण त्याच आईला मी दर नागपंचमीला वारुळाला हळदकुंकू वाहताना पाहिलेलं आहे. दूध, लाह्या, वारुळाभोवती फेर धरून गाणी. ते वारूळ नागानं बांधलेलं नसतं, वाळवीनं बांधलेलं असतं. आणि वाळवी ही झुरळांच्या कुळातलीच एक शाखा आहे. २००७ साली ब्रिटिश संशोधकांनी जनुकांचा पुरावा मांडून वाळवीचा वेगळा गण मोडीत काढला आणि तिला झुरळांच्या घरात आणून बसवलं. म्हणजे शतकानुशतकं आपण ज्या मातीच्या घरापुढे हात जोडतोय ते झुरळांच्या चुलतभावंडांचं घर आहे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “असेल. म्हणून काय मोरीतल्याला ओवाळू?” मुद्दा तिचाही खोटा नव्हता.

ओवाळायचं नाही. पण त्याचं घर बांधायचं तर त्याच्याकडे नीट बघावं लागतं, आणि नीट बघितलं की हात आपोआप हळू होतात.

घर म्हणजे झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, झाकणाला कडेनं रबरी पट्टी असलेला. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, आडवे नाही, उभे. उभ्या ट्रेमधून लेंड्या सरळ खाली तळाशी पडतात आणि मधल्या खोबणींमध्ये झुरळांना पाठ आणि पोट दोन्ही बाजूंनी टेकता येतं. झुरळाला मोकळी जागा नको असते. अंगाला सगळीकडून काहीतरी लागलेलं असलं की ते शांत होतं. अंधार, ऊब आणि दाटी, एवढ्यावर त्याचा संसार बहरतो. उबेसाठी डब्याच्या बाहेरून एका कुशीला तापणारी चटई लावतात, तिला थर्मोस्टॅट, आणि आत २८ ते ३० अंश ठेवतात. एकाच बाजूला ऊब का, तर ज्याला जेवढी हवी तेवढी त्यानं सरकून घ्यावी. सिडनीच्या जुलैत गॅरेजमध्ये माझ्या बोटांना कळ येते तेव्हा हे सगळं गाव त्या उबदार भिंतीकडे सरकलेलं असतं.

खाणं साधं. ओट्स, कुत्र्याच्या बिस्किटांचा चुरा, गाजर, संत्र्याची फोड. पाणी वाटीत ठेवायचं नाही, नवी पिल्लं बुडतात. पाणी शोषून फुगणारे जेलचे खडे मिळतात, ते ठेवायचे किंवा गाजरावरच भागवायचं. फळ दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं. त्याला बुरशी धरली की सगळ्या वसाहतीला धोका.

खरी गोष्ट सुरू होते ती डब्याच्या वरच्या काठाला. या जिवाला हवा पाहिजे. हवा कोंडली की आत दमटपणा साठतो, लेंड्यांना अमोनियाचा उग्र वास सुटतो, बारीक माइट होतात आणि झुरळं मरू लागतात. म्हणून झाकणाला खिडकी कापावी लागते. आणि खिडकी कापली की वाट झाली. वुडीचं नवं पिल्लू चार-पाच मिलिमीटरचं, पातळ, आणि नखाचं टोक जाईल एवढी फट त्याला दरवाजा. नायलॉनची जाळी झुरळं कुरतडतात. स्टेनलेस स्टीलची अगदी बारीक जाळी घ्यायची आणि हॉट ग्लूनं चारही कडा अशा भरायच्या की गोंदाच्या थराखाली एकही पोकळी राहू नये. श्वास जाईल पण पाऊल जाणार नाही, एवढं बारीक अंतर शोधायचं. मला वाटतं की कुठल्याही जिवाला सांभाळण्यात हीच अडचण असते, फक्त ती इथे मिलिमीटरमध्ये मोजता येते.

जाळी झाली तरी काम भागत नाही. सरड्याला घास द्यायचा तर झाकण रोज उघडावं लागतं, आणि झाकण उघडलं की उजेड पडतो, आणि उजेड पडला की सगळी वसाहत एकदम हलते. तेव्हा वर धावणाऱ्याला थांबवायला आतल्या बाजूनं, काठाच्या खाली, सगळीकडून एक गुळगुळीत पट्टी हवी. चार बोटं रुंद तरी हवी. ही आमची लक्ष्मणरेषा. हिच्यात विष नाही.

पट्टी कशाची, याला पर्याय आहेत. पाळणाऱ्यांमध्ये सगळ्यात जुना म्हणजे व्हॅसलीन. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या गृहस्थानं पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींच्या पंपांवर साचणाऱ्या मळीतून ते शोधलं आणि १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. व्हॅसलीनची पट्टी चालते, पण तिच्यावर धूळ बसते, लेंड्यांचा भुसा बसतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत त्या मळाचाच पूल होतो. शिवाय बारकी पिल्लं त्यात रुतून मरतात. मला ती बघवत नाहीत. दुसरा पर्याय टाल्कम पावडर अल्कोहोलमध्ये कालवून ब्रशनं लावायची. अल्कोहोल उडून जातं, पावडरचा थर राहतो. झुरळानं पाय टेकला की पावडरचे कण गादीला चिकटतात आणि गादी भिंतीला भिडतच नाही. उपाय स्वस्त आहे, पण जरा हात लागला की पावडर झडते.

आणि तिसरा फ्लुऑन. टेफ्लॉनचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात, दुधासारखा पांढरा द्रव. टेफ्लॉन सापडलं तेच मुळी अपघातानं. न्यू जर्सीच्या एका प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट रेफ्रिजरेटरसाठी नवा वायू शोधत होते. ६ एप्रिल १९३८च्या सकाळी नळकांड्यातून वायू येईना. नळकांडं वजनाला तर भरलेलं होतं. त्यांनी ते कापून पाहिलं तर आत पांढरी, मेणचट, गुळगुळीत पूड. कशालाच न चिकटणारा तो पदार्थ पुढे तव्यावर आला, अणुप्रकल्पात गेला आणि कीटक सांभाळणाऱ्यांच्या ब्रशवरही आला. मुंग्यांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये तो बादल्यांच्या काठाला असतोच.

फ्लुऑन लावायचं एक तंत्र आहे. भिंत आधी स्पिरिटनं पुसून कोरडी करायची. मग डबा उलटा धरायचा, म्हणजे ओघळ काठाकडे येतात. एका दिशेनं, एका हातात, पातळ थर. वाळेपर्यंत बोट लावायचं नाही आणि वाळल्यावर तर मुळीच नाही, कारण बोटाचा ठसा म्हणजे झुरळाला शिडी. दमट हवेत या थराचा गुण कमी होतो. म्हणून आतला ओलावा काठापर्यंत चढू द्यायचा नाही, झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब दिसले की खिडकी मोठी करायची. ट्रे पट्टीच्या बऱ्याच खाली संपले पाहिजेत. हा सगळा जामानिमा झाला तरी डबा आणखी एका मोठ्या परातीत ठेवायचा, परातीत साबणाचं पाणी. प्रयोगशाळेत असतो तसा दुसरा कोट.

पट्टीशी काय होतं ते मात्र एकदा टॉर्चच्या लाल उजेडात बघावं. लाल उजेड झुरळांना फारसा जाणवत नाही. एक पिल्लू भिंतीनं वर येतं. पट्टी सुरू होण्याच्या जरा आधी थांबतं. दोन्ही मिश्या पुढे होतात आणि पट्टीवरून फिरतात, आधी उजवी, मग डावी, मग दोन्ही मिळून. मग पुढचा एक पाय पट्टीवर टेकतो आणि सरकतो. पुन्हा टेकतो, पुन्हा सरकतो. पिल्लू तो पाय तोंडाशी नेतं आणि जबड्यांमधून हळूच ओढून स्वच्छ करतं, मन लावून, एकेक पेर. दुसरा पाय टेकून बघतं. तोही सरकतो, तोही साफ होतो. मग ते पट्टीच्या कडेकडेनं आडवं चालू लागतं, कोपऱ्यापर्यंत, आणि कोपऱ्यात पुन्हा मिश्यांनी चाचपतं, कारण ब्रश नीट पोचला नसेल तर तो कोपऱ्यातच. मी त्याच्यामागून त्याच वाटेनं टॉर्च फिरवते. माझ्या कामाची तपासणी त्याच्याइतकी चोख कोणी करत नाही.

खाली गावात काय चालतं, त्यातलं थोडंच आपल्याला दिसतं. नर एकमेकांना ढुशा देतात, अंग उंचावतात, माघार घेणारा दबून बसतो. त्यांच्या दरबारातली उतरंड वासावर चालते. नरांच्या अंगच्या वासात तीन मुख्य रसायनं असतात आणि त्यांच्या कमीजास्त प्रमाणावरून कोण वरचा आणि कोण खालचा ते ठरतं, असं अॅलन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मादी राजी नसली की नर तिच्यासाठी आवाज काढतो. मानेवरच्या कवचाची मागची कड पंखांच्या रेघारेघांच्या शिरांवर घासून तो ‘गातो’. कान झाकणाला लावला तर कधी कधी ती बारीक कुरकुर ऐकू येते. गाण्याचा तिच्यावर काय परिणाम होतो, ते तिलाच ठाऊक.

पण मला सगळ्यात जास्त थांबवतं ते मादीचं बाळंतपण. अमेरिकेतले लुईस रॉथ यांनी झुरळांच्या प्रजननाचा आयुष्यभर अभ्यास केला, वुडीचाही. मादी अंड्यांची पातळ पिशवी आधी शरीराबाहेर काढते, ती वळवते आणि पुन्हा पोटात घेते, आत त्यासाठीच असलेल्या जागेत. तिथे ती महिनाभराहून अधिक काळ राहते. मग एका रात्री तीसेक पिल्लं बाहेर येतात, पांढरीशुभ्र, डोळ्यांचे फक्त काळे ठिपके. ती आधी स्वतःची ती पातळ पिशवी खातात. तो त्यांचा पहिला घास. मग आईच्या पोटाखाली आणि पंखांखाली शिरतात, आणि आई अंग जरा उचलून स्थिर उभी राहते. काही तासांत त्यांचा रंग गडद होत जातो आणि मग ती पांगतात.

हे आईनं पाहिलं. म्हणजे माझ्या आईनं. मुलगा तिला हाताला धरून घेऊन आला होता, “आजी, ये, लवकर ये.” ती लांबूनच वाकली, चष्मा वर केला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाळंतीण आहे गं. दिवा बंद कर तो, उजेड नको तिला.” यापलीकडे तिनं झुरळांबद्दल मत बदललेलं नाही. सांगलीच्या मोरीत खडूची रेघ अजूनही ओढली जाते.

त्या पिल्लांना आईकडून आणखी एक ठेव मिळालेली असते. झुरळाच्या शरीरातल्या चरबीत ब्लॅटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू राहतात. आपल्या शरीरातून बाहेर टाकलं जातं ते यूरिक आम्ल झुरळ चरबीत साठवून ठेवतं, आणि हे जिवाणू त्यातला नायट्रोजन काढून पुन्हा कामाचा करून देतात. म्हणून चार दिवस नुसत्या पुठ्ठ्यावर काढावे लागले तरी त्याचं भागतं. हे जिवाणू हवेतून येत नाहीत. आईच्या अंड्यातून पिल्लाला मिळतात आणि पिल्लाच्या अंड्यातून पुढच्या पिल्लाला, कोट्यवधी वर्षं, मधे कधी न तुटता. प्लास्टिकच्या डब्यात अंड्यांच्या ट्रेवर बसलेल्या या राखी जिवाकडे बघताना ती न तुटलेली माळ मला आठवते, आणि डबा जरा जपून सरकवला जातो.

आता सरड्याचं. तेही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं सोज्वळ होईल. ट्रे उचलायचा, वाटीत झटकायचा, पडलेली झुरळं काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायची म्हणजे ती मंदावतात. वर कॅल्शियमची पूड भुरभुरायची आणि सरड्यापुढे ठेवायची. सरडा मान तिरकी करतो, जीभ बाहेर येते आणि संपतं. यात क्रौर्य आहे का, असं मला विचारतात. सरडा वाळवंटात असता तरी त्यानं हेच केलं असतं. माझं कर्तव्य एवढंच की मरेपर्यंत झुरळाला ऊब, अंधार आणि ताजं गाजर मिळावं. याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि दुसरं कर्तव्य म्हणजे ती पट्टी. ती मी जितक्या श्रद्धेनं रंगवते तितकी कदाचित देवघराची भिंतही रंगवली नसेल. त्याचं कारण वुडीपेक्षा एका दुसऱ्या झुरळात आहे. सिडनीच्या ईशान्येला समुद्रात लॉर्ड हाऊ नावाचं छोटं बेट आहे. तिथे पंख नसलेलं, लाकूड खाणारं एक झुरळ राहायचं, जगात दुसरीकडे कुठेही नाही असं. १९१८ साली मकांबो नावाचं जहाज बेटाच्या किनाऱ्यावर रुतलं आणि त्यातून उंदीर उतरले. थोड्याच वर्षांत बेटावरच्या पक्ष्यांच्या काही जाती कायमच्या गेल्या. हे झुरळही १९३०च्या दशकानंतर मुख्य बेटावर कोणाला दिसलं नाही. आसपासच्या खडकाळ बेटांवर त्याची भावंडं होती, एवढंच. २०१९ साली बेटावरचे उंदीर काढण्याची मोठी मोहीम झाली. आणि २०२२च्या जुलैत सिडनी विद्यापीठाचा विद्यार्थी मॅक्सिम अॅडम्स यानं तिथे एका अवाढव्य वडाखालचा दगड उचलला, तर खाली ते झुरळ. या शोधाच्या गटात प्राध्यापक नेथन लो होते, ज्यांनी ब्लॅटाबॅक्टेरियमच्या त्या प्राचीन नात्याचाही अभ्यास केलेला आहे. ऐंशी-नव्वद वर्षं ते कुटुंब त्या एका वडाच्या आधारानं तगून राहिलं होतं.

एका डब्यातून, म्हणजे एका जहाजातून, कोणीतरी निसटलं आणि एका बेटाचा संसार उधळला. उंदरांचा त्यात दोष काय? ते आपले जगत होते. दोष जहाजाच्या काठाचा. ऑस्ट्रेलियात झुरळांच्या चारशेहून अधिक देशी जाती आहेत. त्यातली मोरीत येणारी जवळजवळ एकही नाही. क्वीन्सलंडमध्ये जमिनीत बीळ करून राहणारं, तीस ग्रॅमहून जड होणारं आणि पिल्लांना वाळकी पानं आणून भरवणारं झुरळ आहे. आमच्या परसातल्या झुडपावर दिवसाढवळ्या फिरणारं नारिंगी किनारीचं एक देखणं झुरळ आहे, पाहुण्यांना ते झुरळ म्हणून पटतच नाही. यांच्या घरात माझ्या डब्यातलं कोणी जाऊ नये, ही माझी जबाबदारी.

आणि वुडीच्या बाबतीत ‘एखादं गेलं तर काय’ असं म्हणायची सोय नाही. नर न भेटलेली एकटी मादीही क्वचित पिल्लं घालू शकते, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. कमी घालते, पण घालते. नर भेटून गेलेली मादी निसटली तर मग हिशेबच नको.

तेव्हा कोणी असे जीव पाळत असाल, सरड्यासाठी, बेडकासाठी किंवा नुसत्या हौसेनं, तर दोन गोष्टी कराव्यात. डबा साफ करताना हातमोजे आणि मास्क घालावा. या भुशाची अॅलर्जी हळूहळू अंगात मुरते आणि एकदा आली की जात नाही. आणि तो भुसा, जुने ट्रे, गाजराचे तुकडे थेट कंपोस्टमध्ये किंवा कचऱ्यात टाकू नयेत. त्यात नव्या पिल्लांपैकी कोणी ना कोणी असतंच. ते सगळं पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावं आणि मगच टाकावं.

गणपतीला गावी निघालात आणि भाचा म्हणाला, “मावशी, येताना एक डबी आण ना,” तर आणू नका. परवानगीशिवाय जिवंत कीटक भारतात नेता येत नाहीत, हे तर झालंच. शिवाय सिडनीच्या हिवाळ्यात बाहेर पडलेलं वुडीचं पिल्लू थंडीनं गारठेल तरी. रत्नागिरीच्या भाद्रपदात त्याला काहीच कमी पडणार नाही.